सह्याद्रीची जाण आणि वारणेची सीमा : महाराणी ताराबाई

पुण्याकडून कोल्हापुरात येणाऱ्या प्रवाशाला शहराच्या वेशीवरच महाराणी ताराबाईंचा अश्वारूढ पुतळा दिसतो. पुढचे दोन्ही पाय उचललेला घोडा आणि हाती तलवार घेतलेली राणी हे दृश्य करवीरकरांच्या इतके सवयीचे झाले आहे की, ताराराणी चौक ओलांडताना त्याकडे मुद्दाम पाहणारे थोडेच. तलवार हे ताराबाईंच्या पराक्रमाचे प्रतीक खरेच. परंतु ज्या सामर्थ्याच्या बळावर त्यांनी मोगल साम्राज्याच्या सर्वांत मोठ्या सैन्याला सात वर्षे दमवले, ते सामर्थ्य तलवारीपेक्षा वेगळे होते. आपला मुलूख कसा आहे, कुठे डोंगर आहे, कुठे घाट आहे, पाऊस कधी लागतो आणि नदी कधी उतरते, याचे त्यांना असलेले ज्ञान हे त्यांचे खरे शस्त्र होते. आणि ज्या नद्या-डोंगरांनी त्यांचे राज्य राखले, त्याच नद्या-डोंगरांनी पुढे त्या राज्याचे दोन भागही केले.

ताराबाईंचा जन्म १६७५ चा. छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. त्यांचा मृत्यू झाला तो डिसेंबर १७६१ मध्ये, पानिपतच्या संग्रामाला वर्ष पुरे होण्याच्या आत. मराठ्यांच्या स्वतंत्र राज्याचा उदय, त्याच्यावर आलेले प्राणसंकट, त्याचा साम्राज्यात झालेला विस्तार आणि त्या विस्ताराला बसलेला पहिला मोठा धक्का, एवढा सगळा इतिहास एका स्त्रीच्या शहाऐंशी वर्षांच्या आयुष्यात सामावला आहे.

कऱ्हाडजवळचे तळबीड हे त्यांचे माहेर. सरसेनापती हंबीरराव मोहिते हे त्यांचे वडील. घरातच लष्करी परंपरा असल्याने घोड्यावर बसणे, शस्त्र चालवणे आणि छावणीच्या गोष्टी ऐकणे हे त्यांच्या बालपणाचा भाग होते. शिवाजी महाराजांचे धाकटे पुत्र राजाराम यांच्याशी त्यांचा विवाह झाला, तेव्हा त्या आठ-नऊ वर्षांच्या होत्या. १६८७ मध्ये वाईजवळच्या लढाईत हंबीरराव धारातीर्थी पडले. दोनच वर्षांनी, १६८९ च्या फेब्रुवारीत, छत्रपती संभाजी महाराज संगमेश्वरी पकडले गेले आणि मार्चमध्ये त्यांची क्रूर हत्या झाली. विजापूर आणि गोवळकोंडा ही दोन्ही राज्ये औरंगजेबाने त्याआधीच गिळंकृत केली होती. दक्षिणेत त्याला आता केवळ मराठ्यांचेच राज्य बुडवायचे राहिले होते.

जिंजी आणि परत

रायगडाला वेढा पडण्याच्या सुमारास राजाराम महाराज तेथून निसटले. प्रतापगड, पन्हाळा असा प्रवास करीत ते १६८९ च्या नोव्हेंबरात तामिळ देशातील जिंजीच्या किल्ल्यात पोहोचले. त्याच महिन्यात रायगड पडला. संभाजी महाराजांच्या राणी येसूबाई आणि बालपुत्र शाहू मोगलांच्या हाती लागले. राज्याचा राजा शेकडो मैल दूर कर्नाटकात आणि मुलूख मात्र सह्याद्रीत, अशी विलक्षण स्थिती निर्माण झाली. मागे राहिलेला मुलूख रामचंद्रपंत अमात्य, शंकराजी नारायण, संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांनी सांभाळला. ताराबाई या काळात प्रारंभी महाराष्ट्रातच होत्या. राजधानी नाही, खजिना नाही, राजाही जवळ नाही, तरीही राज्य चालते कसे, याचे शिक्षण त्यांना येथे मिळाले. १६९४ च्या सुमारास त्या जिंजीला गेल्या. १६९६ मध्ये तेथेच त्यांना पुत्र झाला. त्याचे नाव आजोबांच्या नावावरून शिवाजी ठेवण्यात आले.

जिंजी १६९८ च्या प्रारंभी पडली. राजाराम महाराज त्यापूर्वीच निसटून विशाळगडास आले होते. परंतु सततच्या धावपळीने त्यांची प्रकृती ढासळली होती. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर त्यांचे निधन झाले. ताराबाई त्या वेळी पंचविशीच्या होत्या, मुलगा चार वर्षांचाही झालेला नव्हता आणि खुद्द औरंगजेब साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घालून बसला होता. छत्रपतींच्या मृत्यूची वार्ता ऐकून मोगल छावणीत आनंद झाला, यात नवल नव्हते. एक विधवा आणि एक बालक यांना जिंकण्यास कितीसा वेळ लागणार, असा तेथील हिशेब होता.

हा हिशेब चुकला. ताराबाईंनी पुत्राला गादीवर बसवले आणि कारभार स्वतःच्या हाती घेतला. रामचंद्रपंत अमात्य, परशुरामपंत प्रतिनिधी, शंकराजी नारायण सचिव आणि सेनापती धनाजी जाधव हे अनुभवी पुरुष त्यांच्या आज्ञेत राहिले. सुरुवातीला त्यांच्याकडून बादशहाकडे तहाची बोलणी गेल्याच्या नोंदी आढळतात. परंतु सर्व किल्ले स्वाधीन करण्याची मागणी त्यांना मान्य होण्यासारखी नव्हती. बोलणी फिसकटली आणि लढा सुरू राहिला.

डोंगर, पाऊस आणि दाणागोटा

हा लढा समजण्यासाठी या मुलखाची ठेवण पाहिली पाहिजे. पश्चिमेला समुद्र आणि कोकणची चिंचोळी पट्टी, मधे सह्याद्रीची भिंत आणि पूर्वेला दख्खनचे पठार. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाचा जोर प्रचंड. गगनबावड्यास वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तर तेथून पंचावन्न किलोमीटरवरच्या कोल्हापुरात त्याच्या पाचव्या हिश्शाएवढाच. आणखी पूर्वेला सरकले की माणदेशाचा दुष्काळी टापू लागतो. एवढ्याशा अंतरात हवामान, माती, पीक आणि वाटा सगळेच बदलते. डोंगराच्या सोंडांवर कातळकड्यांचे नैसर्गिक तट लाभलेले किल्ले आणि त्यांच्यामधून कोकणात उतरणारे घाट. जून ते सप्टेंबर हे चार महिने वारणा, कासारी, कुंभी, भोगावती या नद्या दुथडी भरून वाहतात आणि वाटा बंद होतात.

मोगलांचे सैन्य हे एक चालते शहर होते. तोफा, हत्ती, उंट, बाजार, कारकून, कुटुंबकबिला असा त्याचा अवाढव्य पसारा. त्याला रोज लागणारे धान्य बंजाऱ्यांच्या तांड्यांवरून दूरवरून यायचे. मैदानात या सैन्यासमोर टिकाव धरणे अशक्य. डोंगरात मात्र हाच पसारा त्याच्या गळ्यातले लोढणे झाला. मराठ्यांची पद्धत याच्या नेमकी उलट. हलके घोडदळ, पाठीवर भाकरी, मुलखाची माहिती आणि पावसाळ्यात गावी परतून शेतीला हातभार लावणारा शिपाई.

ताराबाईंच्या कारभारात या पद्धतीला निश्चित धोरणाचे रूप आले. किल्ला शक्य तितका लढवायचा. बादशहाचे सैन्य, पैसा आणि मुख्य म्हणजे काळ खर्च होऊ द्यायचा. दाणागोटा संपत आला आणि पाऊस तोंडावर आला की, भरपूर रक्कम वसूल करून किल्ला खाली करायचा. शत्रू पुढच्या किल्ल्याकडे वळला की, पाठीमागे राहिलेली तुटपुंजी शिबंदी गाठून तोच किल्ला परत घ्यायचा. मोगलांच्या मोठ्या सैन्याला किल्ल्यांच्या वेढ्यात अडकवून ठेवायचे आणि आपली घोडदळाची पथके दूर त्यांच्याच मुलखात पाठवायची. पहिल्या भागात भूगोल ढाल होता, दुसऱ्या भागात तो तलवार झाला.

घडलेही तसेच. साताऱ्याचा अजिंक्यतारा प्रयागजी प्रभूंनी साडेचार महिन्यांच्या आसपास झुंजवला. मोगलांनी तटाला लावलेल्या सुरुंगांपैकी एकाचा दणका उलटून त्यांचेच शेकडो सैनिक ढिगाऱ्याखाली गाडले गेले. एप्रिल १७०० मध्ये सातारा, जूनमध्ये परळीचा सज्जनगड बादशहाला मिळाला. पण त्याच वर्षी ऑक्टोबरच्या प्रारंभी माण नदीकाठी खवासपूर येथे मोगल छावणी पडली असता रात्री अकस्मात पूर आला आणि माणसे, जनावरे व सामानसुमान वाहून गेले. त्या गोंधळात औरंगजेबाच्या पायाला इजा होऊन तो कायमचा अधू झाला.

मे १७०१ मध्ये पन्हाळा मोगलांना मिळाला. पुढची पाळी विशाळगडाची होती. परशुरामपंतांनी तो जानेवारीपासून जूनच्या प्रारंभापर्यंत लढवला आणि पावसाळा सुरू होता होता, मोठी रक्कम घेऊन खाली केला. किल्ला मिळाला खरा, पण परतीची वाट हीच शिक्षा ठरली. विशाळगड ते पन्हाळा हे साठ किलोमीटरांच्या आतबाहेरचे अंतर कापण्यास बादशहाच्या सैन्याला महिन्याहून अधिक काळ लागला. ओढे-नाल्यांना आलेले पूर, चिखलात रुतलेल्या तोफा, थंडीवाऱ्याने मरणारी जनावरे आणि भुकेने हैराण झालेले शिपाई. आजही जुलै महिन्यात आंब्याच्या बाजूने मलकापूरकडे येताना धुके आणि पावसाच्या धारांत समोरचे काही दिसत नाही. तीनशे वर्षांपूर्वी, पक्क्या रस्त्यांविना, उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या सैन्याची काय अवस्था झाली असेल याची कल्पना त्यावरून करता येते.

सिंहगड १७०३ मध्ये, राजगड आणि तोरणा १७०४ मध्ये बादशहाने घेतले. नकाशावर मोगल जिंकत होते. प्रत्यक्षात नेमाजी शिंदे यांच्यासारखे मराठे सरदार नर्मदा ओलांडून माळव्यात शिरले होते आणि १७०६ मध्ये धनाजी जाधवांनी गुजरातेत मोगल फौजांचा मोड केला होता. औरंगजेबाच्या अखेरच्या दोन वर्षांत आणि त्याच्या मृत्यूनंतर लगेच पन्हाळा, सातारा, सिंहगड, राजगड हे किल्ले पुन्हा मराठ्यांकडे आले. मार्च १७०७ मध्ये, दक्षिणेत पंचवीस वर्षे घालवून, औरंगजेब अहमदनगर येथे मरण पावला. मराठ्यांचे राज्य त्याला बुडवता आले नाही. खाफीखानासारख्या मोगल इतिहासकारानेही ताराबाईंच्या बुद्धीची आणि कारभारावरील पकडीची नोंद केली आहे. शत्रूच्या लेखणीतून आलेली ही पावती अधिक मोलाची होय.

घरातला संघर्ष

बाहेरचा शत्रू गेला आणि घरातला प्रश्न उभा राहिला. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने १७०७ च्या मे महिन्यात शाहू महाराजांना मुक्त केले. मराठ्यांत दुही माजावी हा त्यातील हेतू उघड होता. सतरा-अठरा वर्षे कैदेत काढलेले शाहू हे संभाजी महाराजांचे पुत्र, म्हणजे थोरल्या शाखेचे वारस. राजाराम महाराज त्यांच्याच वतीने राज्य चालवत होते, असे मानणारे सरदार पुष्कळ होते. ताराबाईंची भूमिका वेगळी होती. संभाजी महाराजांचे राज्य शत्रूने घेतले होते. नंतरचे राज्य राजाराम महाराजांनी आणि त्यांच्या पश्चात आपण नव्याने राखले, तेव्हा ते आपल्या पुत्राचे, असा त्यांचा दावा होता. आलेला शाहू खरा नव्हे, तोतया आहे, असेही त्यांच्या पक्षाकडून सांगितले गेले.

१२ ऑक्टोबर १७०७ रोजी भीमाकाठी खेड येथे दोन्ही सैन्ये समोरासमोर आली. बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने धनाजी जाधव शाहूंच्या बाजूला गेले आणि लढाईचा निकाल लागला. १२ जानेवारी १७०८ रोजी शाहू महाराजांना साताऱ्यात राज्याभिषेक झाला. ताराबाई दक्षिणेकडे पन्हाळ्यास हटल्या. पन्हाळाही गेला, तेव्हा त्यांनी रांगण्याच्या आणि तळकोकणाच्या बाजूचा आश्रय घेतला. शाहूंच्या सैन्याने रांगण्याला वेढा दिला. परंतु पावसाळा आला आणि वेढा उठवावा लागला. मोगलांना अडवणाऱ्या सरींनी या वेळी स्वकीयांनाही अडवले.

पुढे पन्हाळा पुन्हा ताराबाईंच्या हाती आला आणि १७१० मध्ये तेथे स्वतंत्र गादीची स्थापना झाली. करवीर राज्याचा आरंभ तो हाच. पन्हाळ्याची निवडही विचारपूर्वक होती. समुद्रसपाटीपासून सुमारे ९७७ मीटर उंचीवर, सात किलोमीटरांहून अधिक घेराचा हा किल्ला कोल्हापूरपासून अवघ्या वीस किलोमीटरवर. शिलाहारांच्या काळापासून नांदता असलेला. धान्याची कोठारे असलेला अंबरखाना, पाण्यासाठी अंधारबाव, मागे विशाळगड आणि कोकणाकडे उतरणाऱ्या वाटा, पुढे पंचगंगेचे सुपीक खोरे. त्याच्या आधाराला बावडा, भुदरगड, रांगणा, सामानगड अशी किल्ल्यांची मालिका. ताराबाईंचा वाडा पन्हाळ्यावर आजही उभा आहे.

पण राज्य स्थापन करणाऱ्या राणीला ते फार काळ उपभोगता आले नाही. १७१४ मध्ये सवत राजसबाई आणि त्यांचे पुत्र संभाजी यांच्या पक्षाने पन्हाळ्यावर सत्तांतर घडवून आणले. रामचंद्रपंत अमात्यांनीही त्या पक्षाला साथ दिली. ताराबाई आणि त्यांचे पुत्र शिवाजी कैदेत पडले. ज्या किल्ल्यावर गादी मांडली, त्याच किल्ल्यावर बंदिवास नशिबी आला. काही वर्षांनी, १७२६ च्या सुमारास, या बंदिवासातच त्यांचा पुत्र वारला. ज्याच्या हक्कासाठी त्यांनी बादशहाशी आणि पुतण्याशी वैर घेतले, तो मुलगा उण्यापुऱ्या तिशीत गेला.

वारणेचा तह

१७३० मध्ये वारणाकाठी शाहू महाराजांच्या सैन्याने कोल्हापूरच्या संभाजींचा पराभव केला. त्या वेळी ताराबाईही शाहूंच्या हाती आल्या. कोल्हापूरला परतण्याऐवजी साताऱ्यास राहणे त्यांनी पसंत केले. ज्या पुतण्याला त्यांनी तोतया ठरवले होते, त्याच्याच आश्रयाला राहण्याची ही वेळ होती. दुसऱ्या वर्षी, एप्रिल १७३१ मध्ये, सातारा आणि कोल्हापूर यांच्यात वारणेचा तह झाला. वारणेच्या आणि कृष्णेच्या दक्षिणेकडचा, तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख कोल्हापूरकडे राहिला. कोकणात साळशीपासून दक्षिणेकडील भाग कोल्हापूरला मिळाला. तुंगभद्रेपासून रामेश्वरापर्यंत नवे जे काही मिळेल ते दोघांनी निम्मे घ्यावे, असे ठरले. उत्तर हिंदुस्थानचे मैदान मात्र साताऱ्याच्या आणि त्यांच्या पेशव्यांच्या वाट्याला गेले. एका नदीने दोन घराण्यांचे भवितव्य वेगळे केले. एकाच्या नावाने मराठी घोडी पुढे अटकेपर्यंत गेली, दुसऱ्याने सह्याद्रीच्या कुशीतले आपले छोटे राज्य १९४९ पर्यंत टिकवले.

साताऱ्यातील ताराबाईंचे पुढचे आयुष्य बहुतांश शांततेत गेले. पण ती शांतता निवृत्तीची नव्हती. १७४९ च्या डिसेंबरात शाहू महाराज निपुत्रिक वारले. त्यापूर्वी ताराबाईंनी आपला एक नातू गुप्तपणे वाढवला गेल्याचे जाहीर केले होते. पानगावी वाढलेला हा रामराजा १७५० च्या प्रारंभी छत्रपती झाला. रामराजा पेशव्यांच्या तंत्राने चालू लागला, तेव्हा पंचाहत्तर वर्षांच्या ताराबाईंनी त्याच वर्षी नोव्हेंबरात, चंपाषष्ठीचे निमित्त साधून, त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले. गुजरातेतून दमाजी गायकवाडांना त्यांनी मदतीला बोलावले. दमाजींना प्रारंभी यश आले, पण वेण्णाकाठी त्यांची पीछेहाट झाली आणि पुढे पेशव्यांनी त्यांना अटक केली. १७५२ मध्ये जेजुरीला नानासाहेब पेशव्यांशी समेट करताना ताराबाईंनी रामराजा आपला नातू नाही, असे शपथेवर सांगितले. यातील सत्य काय, याचा वाद इतिहासकारांत संपलेला नाही. रामराजा मात्र नामधारी छत्रपती म्हणून अखेरपर्यंत साताऱ्यातच राहिला.

मूल्यमापन

ताराबाईंचे मूल्यमापन करताना इतिहासकारांची लेखणी नेहमीच दोन दिशांना ओढली गेली आहे. १७०० ते १७०७ या सात वर्षांबद्दल कोणाचे दुमत नाही. राज्य तगले ते त्यांच्यामुळे. त्यानंतरच्या वर्षांबद्दल मात्र महत्त्वाकांक्षा, हट्ट, दुही असे शब्द त्यांच्या नावाशी जोडले जातात. शाहूंचा हक्क मान्य केला असता तर मराठी राज्याचे दोन तुकडे टळले असते, हे खरे. पण जिने पुरुष कारभारी असतानाही निर्णय स्वतः घेतले, तिच्याकडून संकट टळताच मुकाट्याने बाजूला होण्याची अपेक्षा करणे कितपत न्याय्य, हाही प्रश्न उरतो. औरंगजेबाला न नमणारा स्वभाव आणि शाहूंपुढे न झुकणारा स्वभाव हे दोन नव्हते. राज्य राखले ते ज्या जिद्दीने, त्याच जिद्दीने ते विभागले. यातील एक घेऊन दुसरे नाकारता येत नाही.

दीर्घ काळ ताराबाईंविषयीची माहिती बखरी आणि मोगली तवारिखांपुरती मर्यादित होती. शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी संपादित केलेल्या ताराबाईकालीन कागदपत्रांमुळे आणि डॉ. जयसिंगराव पवार यांनी लिहिलेल्या चरित्रामुळे त्यांच्या कारभाराचे चित्र अधिक स्पष्ट झाले. वतने, इनामे, किल्ल्यांची व्यवस्था, गावोगावचे निवाडे यांत लक्ष घालणारी राज्यकर्ती त्यातून समोर येते.

डिसेंबर १७६१ मध्ये साताऱ्यात ताराबाईंचे निधन झाले. पानिपतावर एक पिढी गेली होती, नानासाहेब पेशवे जूनमध्ये वारले होते आणि कोल्हापूरचे संभाजी त्याआधीच्या डिसेंबरात गेले होते. ज्यांच्याशी आयुष्यभर झगडा केला, ते सारे त्यांच्या आधी काळाच्या पडद्याआड गेले. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुली येथे त्यांची समाधी आहे. माहेरच्या तळबीडपासून हे ठिकाण फार दूर नाही.

कोल्हापूरची राजधानी अठराव्या शतकाच्या अखेरीस पन्हाळ्यावरून खाली, पंचगंगेच्या काठी आली. संस्थान विलीन झाले, जिल्हे झाले, राज्ये बदलली. वारणा मात्र आजही कोल्हापूर आणि सांगली या जिल्ह्यांची सीमा म्हणून वाहते आहे. पूल ओलांडणाऱ्या ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांना आणि एस. टी. गाड्यांना तेथे जिल्हा बदलतो, एवढेच जाणवते. ती रेघ एका कुटुंबातल्या भांडणातून आखली गेली आणि त्या भांडणाच्या एका बाजूला ताराबाई उभ्या होत्या. चौकातल्या पुतळ्याइतकेच हे नदीचे पात्रही त्यांचे स्मारक आहे.